एका घरात दोन खर्ज

माणसानं केव्हा थांबावं, या विषयावर आजवर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. लिहिताना त्यांना स्वतःला थांबता आलं नाही, हा भाग वेगळा. मला हा प्रश्न पडला तो मात्र कुठला ग्रंथ वाचून नव्हे. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावी, रात्री साडेअकराला, भिंतीपलीकडून येणाऱ्या 'धप् धप् धप् धप्' या आवाजातून तो पडला.

त्याचं असं झालं, की आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी चिरंजीवांकडे गेलो होतो. तिथल्या घरांत बाहेरच्या भिंती विटांच्या आणि आतल्या भिंती शिष्टाचारापुरत्या असतात. आमच्या आणि नातवाच्या खोलीच्या मधे असलाच एक शिष्टाचार उभा होता. नातू वीस वर्षांचा. तो इंजिनिअरिंग शिकतो आणि उरलेल्या वेळात डीजे असतो, की डीजे असतो आणि उरलेल्या वेळात इंजिनिअरिंग शिकतो, हा बापलेकांमधला वादाचा मुद्दा असल्यामुळे मी त्यात पडत नाही.

'डीजे' म्हटल्यावर माझ्या पुणेरी डोळ्यांसमोर आली ती विसर्जनाची मिरवणूक: ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, थरथरणाऱ्या खिडक्या आणि कानांत कापसाचे बोळे घालून बसलेले आम्ही ज्येष्ठ नागरिक. त्या मानानं हे प्रकरण सौम्य होतं. पहिल्या रात्री मी दोन तास ऐकलं. ऐकलं म्हणजे, झोप येईना. सकाळी चहा घेताना नातवाला म्हटलं, "काय रे, काल ते एकच गाणं दोन तास का लावून ठेवलं होतंस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हातातला टोस्ट खाली ठेवून त्यानं मला चक्क मिठी मारली.

"आजोबा, एक नव्हता! सतरा गाणी होता!"

त्याचं मराठी लिंगभेद मानत नाही. पण भावना पोचली. सतरा गाणी एकामागून एक जोडली आणि ऐकणाऱ्याला एकही सांधा कळला नाही, हे त्या विद्येतलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक म्हणे. मी ते निव्वळ अज्ञानापोटी दिलं होतं. बँकेत मला मिळालेली काही प्रशस्तिपत्रकंही याच कारणानं दिली गेली असावीत, अशी शंका मला त्या दिवसापासून येते.

या संगीताचं नाव 'प्रोग्रेसिव्ह हाऊस'. १९९२ साली 'मिक्समॅग' या इंग्रजी मासिकातून डॉम फिलिप्स नावाच्या पत्रकारानं ते रूढ केलं. आणि योगायोग असा, की ते जिथे नावारूपाला आलं त्यातलं एक गाव, मॅन्सफील्ड, नॉटिंगहॅमपासून जेमतेम पंधरा मैलांवर. कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथे १९९२ मध्ये 'रेनेसान्स' या नावानं रात्रभराचे नाच सुरू झाले. साशा आणि जॉन डिगवीड ही जोडगोळी तिथे तबकड्या लावायची. १९९४ साली दोघांनी जोडलेल्या गाण्यांचा तीन सीडींचा संच निघाला, तो या पंथात अजून पोथीसारखा ऐकतात. गाणी मुख्यतः दुसऱ्यांची; यांची करामत जोडण्याची.

"गाणी दुसऱ्यांची, मग यात तुमचं काय?" मी विचारलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून पेन्शनीत निघालेल्या माणसानं हा प्रश्न विचारायला नको होता. पण नातवानं मनावर घेतलं नाही. त्यानं माझी शिकवणीच सुरू केली.

"तीन गोष्टी असते, आजोबा. की, टेम्पो आणि एनर्जी."

मी मेळ्यात पेटी वाजवलेला माणूस. म्हटलं, पट्टी आणि लय कळली. तिसरीचं नंतर बघू.

आधी लय. या गाण्यांची लय मिनिटाला साधारण १२० ते १२८ मात्रा. आपली मैफल विलंबितातून द्रुताकडे चढत जाते. इथे रात्रभर लय जवळजवळ त्याच पायरीवर. येणारं गाणं डीजे आधी हेडफोनमधून एका कानानं एकटाच ऐकतो, दुसऱ्या कानानं लोकांसाठी चालू असलेलं. समजा, चालू गाणं १२४ मात्रांचं आहे आणि येणारं १२२चं. कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं?

"येणाऱ्यानं," नातू म्हणाला. "जो चालू आहे त्याचा स्पीड पकडायचा."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. स्वयंपाकघरात सूनबाई होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मी ते नातवाकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

नुसती लय जुळून भागत नाही, समही गाठावी लागते. ही गाणी बहुतेक वेळा ३२ मात्रांच्या कप्प्यांत बांधलेली असतात, म्हणजे आपल्या तीनतालाची बरोबर दोन आवर्तनं. १२४च्या लयीत हे साडेपंधरा सेकंदांत होतं. नव्या गाण्यानं यायचं ते कप्प्याच्या पहिल्या मात्रेवर. अधेमधे शिरलं तर दोन्ही गाणी एका दारातून एकाच वेळी आत-बाहेर करणाऱ्या माणसांसारखी अडकतात.

मग पट्टी. पूर्वी तबकडीचा वेग वाढवला की पट्टीही चढायची. साधारण सहा टक्के वेग वाढला की काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणारी बाई हळूहळू बुवा व्हायची, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना हे समजवायला नको. आता यंत्रं पट्टी धरून ठेवतात. तरी कुठल्या पट्टीशेजारी कुठली बसवायची हा प्रश्न उरतोच. त्यासाठी नातवानं एक चक्र दाखवलं. घड्याळासारखे बारा आकडे, प्रत्येक आकड्याला दोन घरं, एकूण चोवीस. आपण ज्या घरात असू तिथेच राहावं, नाहीतर शेजारच्या आकड्यावर जावं, नाहीतर त्याच आकड्याच्या दुसऱ्या घरात.

मी पेटीच्या नजरेनं ते चक्र पाहिलं आणि उडालोच. शेजारी-शेजारी बसलेले आकडे म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपला षड्ज-पंचम भाव! एका घरातून पुढच्या आकड्यावर गेलं की सातातले सहा सूर तेच, एकच बदलतो. जसा बिलावल थाटातून कल्याणात जाताना फक्त मध्यम बदलतो. आणि एकाच आकड्याची दोन घरं म्हणजे पेटीवरच्या पट्ट्या त्याच, फक्त 'सा' पांढरी एकऐवजी पांढरी सहावर धरायचा. समोरासमोरच्या आकड्यांत मात्र सातातले दोनच सूर समाईक. ती गाणी एकत्र लावली तर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंसारखी भांडतात. हे सगळं मी नातवाला सांगितल्यावर तो उडाला. बराच वेळ आम्ही दोघं आळीपाळीनं उडत होतो. शेवटी ही आतून म्हणाली, "आजोबा-नातवांनी जमिनीवर येऊन जेवून घ्यावं."

जेवणानंतर खरा धडा झाला. दोन गाणी मिनिट-दोन मिनिटं एकत्र चालतात, त्या वेळी काय करायचं? नातवाकडे 'मिक्सर' होता. आमच्या घरातल्या मिक्सरनं चटणी होते, याच्यानं चटणी होऊ द्यायची नसते. प्रत्येक गाण्याला तीन कळा: वरचे सूर, मधले सूर आणि खालचा 'बेस', म्हणजे आपला खर्ज. नातू म्हणाला, वरचे सूर दोन्ही गाण्यांचे थोडा वेळ सोबत चालतील. मधलेही जरा सांभाळून चालतील. खर्ज मात्र एका वेळी एकाचाच. दोन खर्ज एकत्र आले की सगळं गढूळ होतं, ठेका कुठला आणि कुणाचा काही कळेनासं होतं.

"मग खर्ज कुणी सोडायचा?"

"जाणाऱ्यानं. त्याचा बेस काढायचा, सेम मोमेंटला नवीनचा आत."

या वेळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय रे, काय म्हणालास? पुन्हा सांग बरं." नातवानं पुन्हा सांगितलं. हिशेब फिटला.

पण मी हरलो नव्हतो. म्हटलं, "अरे, पण ज्यानं ते पहिलं गाणं केलं, त्याला काय वाटत असेल? त्याच्या गाण्याचा शेवट कधी कुणी ऐकतच नाही!"

नातवानं एका गाण्याचा शेवट लावला. शेवटचं मिनिटभर त्यात सूर जवळपास नव्हतेच. नुसता ठेका, तोही एकेक वाद्य कमी होत गेलेला. "हे ते मुद्दाम बनवते, आजोबा. शेवटी जागा ठेवते. पुढच्यासाठी."

म्हणजे गाणं रचतानाच रचणारा शेवटचं मिनिट दुसऱ्या कुणाच्या तरी सुरुवातीसाठी मोकळं सोडून ठेवतो. ते दुसरं गाणं कुठलं, कुणाचं, हे त्याला माहीतही नसतं.

त्या रात्री भिंतीपलीकडे आवाज नव्हता. आणि तरीही मला झोप लागली नाही.

माझे वडील जानव्याला कपाटाची किल्ली बांधत. शेवटपर्यंत. घरपट्टी कधी भरायची, कुणाला किती उसने दिलेत, पानशेतच्या पुरात भिजलेले वाड्याचे कागद वाळवून कुठे ठेवलेत, हे सगळं त्या किल्लीमागे. मी पन्नाशीला आलो होतो, बँकेत लोकांच्या लॉकरच्या किल्ल्या सांभाळत होतो. घरात मात्र मला पोस्टाची तिकिटं कुठल्या खणात आहेत हे माहीत नव्हतं. १९९८ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. बारा दिवस ते बोट कपाटाकडे करत होते. मी कपाट उघडून एकेक वस्तू काढून त्यांना दाखवायचो. हे? मान हलायची, नाही. हे? नाही. बाराव्या दिवशी बोट थांबलं. ते काय सांगत होते, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

गाणं शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण आवाजात वाजलं आणि मग एकदम शांतता झाली. ती शांतता निस्तरायला मला दीड वर्ष लागलं.

आपण असं करायचं नाही, अशी प्रतिज्ञा मी त्या वेळी केली होती. ती किती पाळली? २००८ साली निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. 'आपल्याशिवाय शाखेचं कसं होणार' असं जो तो म्हणाला, आणि मी ते खरं मानून दुसऱ्या दिवशी साडेदहाला मदतीसाठी हजर झालो. माझ्या खुर्चीवर बसलेल्या तरुणानं चार दिवस मला चहा पाजला. पाचव्या दिवशी त्यानं चहाबरोबर एक स्लिप भरायला दिली आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहायची विनंती केली. दोन खर्ज त्याला झेपेनात.

आणि घरात? गेली पाच-सहा वर्षं चिरंजीव दर दिवाळीला फोनवर विचारतात, "बाबा, कागदपत्रं कुठे असतात ते एकदा सांगून ठेवा ना." आणि दर दिवाळीला मी म्हणतो, "मी काय उद्या चाललोय?" मग तो गप्प बसतो, आणि मला लढाई जिंकल्यासारखं वाटतं. फोनचा, बँकेचा, सगळे परवलीचे शब्द मी एका चिठ्ठीवर लिहून इतक्या सुरक्षित जागी ठेवलेत, की मध्यंतरी मलाच ती तीन दिवस सापडत नव्हती. जानवं मी घालत नाही, एवढाच काय तो दोन पिढ्यांतला फरक.

यात सगळा दोष माझाच आहे असं नाही. १९७० साली 'नटसम्राट' रंगमंचावर आलं, तेव्हापासून मराठी बाप सही करताना पेन दोनदा झटकतो. आप्पासाहेब बेलवलकरांनी सगळं देऊन टाकलं आणि मग काय झालं, हे पाहून आम्ही रुमाल ओले करून घरी आलो होतो. एकीकडे काहीच न देता गेलेले माझे वडील, दुसरीकडे सगळं एकदम देऊन बसलेले आप्पासाहेब. मधली वाट आम्हाला कुणी दाखवलीच नाही. आणि आता एक वीस वर्षांचं पोर मिक्सरच्या कळा फिरवून सांगत होतं, की एकदम बंद करायचं नाही आणि धरूनही ठेवायचं नाही. आधी खर्ज द्यायचा. वरचे सूर चालू राहू दे. तेही मग सावकाश, कप्प्याकप्प्यानं उतरवायचे.

तरीही एक गोष्ट मला टोचत होती. ही सगळी कला सांधा दिसू न देण्याची. म्हणजे जाणारं गाणं कधी गेलं, हे कुणाला कळूच नये! माणसाला निदान एवढी तरी हौस असते, की आपण गेलो हे चार लोकांच्या लक्षात यावं. मी हे हिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचा खर्ज? या घरात तुमचा खर्ज होता कधी?" आणि कूस बदलून झोपली. तत्त्वज्ञानाला बायकोइतका समर्थ प्रतिवादी नाही.

पुढच्या शुक्रवारी नातवाचा एका पबात कार्यक्रम होता. कार्यक्रम म्हणजे रात्री नऊ ते दहा, मुख्य डीजेच्या आधीचा तास. आम्ही दोघं गेलो. हिनं साडीवर स्वेटर आणि त्यावर सूनबाईंचा कोट घातला होता. दारावरच्या धिप्पाड माणसानं आम्हाला पाहून इतक्या अदबीनं दार उघडलं, की आम्ही पत्ता चुकलोय अशी त्याची खात्री असावी.

आत पंधरा-वीस पोरं. नाचत कुणीच नव्हतं. मला वाटलं, आता नातू एखादं जबरदस्त गाणं लावून सगळ्यांना उठवेल. त्याच्याकडे ती होती, मी भिंतीतून ऐकली होती. त्यानं एकही लावलं नाही. आणि इथे मला ती तिसरी गोष्ट, एनर्जी, दिसली. पट्टी आणि लय यंत्र मोजून देतं. एनर्जीलाही संगणक एक ते दहा असा आकडा देतो. पण तो आकडा गाण्याचा झाला. समोरच्यांचा आकडा कुठल्याच यंत्रात नसतो. नातू दर थोड्या वेळानं मान वर करून लोकांकडे बघत होता. दोघी जणी बसल्या जागी मान हलवायला लागल्या तेव्हा त्यानं अगदी किंचित चढवलं. लय तीच, पण काहीतरी भरत चाललं होतं. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे: रंग. आणि पहिल्या गवयानं सगळा रंग आपणच उधळायचा नसतो, मागून येणाऱ्या बुवांसाठी राखायचा असतो, हा संकेतही तितकाच जुना.

दहाला पाच कमी असताना मुख्य डीजे आला. नातवाच्या खांद्यावर थाप मारून त्यानं एका कानाला हेडफोन लावला. नातवाचं शेवटचं गाणं चालू होतं. मी आता जाणकार झालो होतो, मात्रा मोजत होतो. कप्पा भरला, त्या पोरानं एक कळ डावीकडे फिरवली, एक उजवीकडे. खर्ज बदलला. नातवाच्या गाण्यातली वरची धून अजून चालूच होती, मिनिटभर तरी. मग तीही विरली. नातू बाजूला झाला. समोरची पोरं आता नाचत होती आणि काही घडलंय हे एकाच्याही गावी नव्हतं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले. हिनं ते धरले.

नातू घामेजलेला आमच्याकडे आला. "जॉईन कळला का, आजोबा?"

"नाही," मी म्हटलं. आयुष्यात इतकं जाणूनबुजून खोटं मी क्वचितच बोललो असेन. त्याचा चेहरा उजळला.

त्या रविवारी मी चिरंजीवांना म्हटलं, "तो तुझा कॉम्प्युटर आण. लिहून घे." तो आधी घाबरला. मला डॉक्टरांनी काही सांगितलंय की काय, असं त्याला वाटलं. मग दोन तास मी सांगत होतो आणि तो लिहीत होता: ठेवी, फ्लॅटचे कागद, कुठली पावती कुठल्या फाइलीत, ती चिठ्ठी कुठल्या डब्याच्या तळाशी. मधेच मी म्हटलं, इस्त्रीवाल्याचे बत्तीस रुपये देणं आहे, तेही लिही. त्यानं लिहिलं. फ्लॅट विकायचा की ठेवायचा यावर मात्र आमचं भांडण झालं आणि ते मी सोडलं नाही. वरचे सूर माझे अजून चालू आहेत.

शेवटी माझा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. दाराची, लॉकरची, गोदरेजची. एकेक किल्ली तो उचलून विचारत होता आणि मी सांगत होतो. एक जुनी पितळी किल्ली त्यानं उचलली. "ही कसली, बाबा?"

"ही तुझ्या आजोबांच्या कपाटाची."

"ते कपाट तर वाडा पाडला तेव्हाच मोडीत दिलं ना?"

"हो. २००६ साली."

"मग किल्ली कशाला ठेवलीत?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. बाकीचा जुडगा मी त्याच्याकडे सरकवला. ती तेवढी परत खिशात टाकली.